वाट विचारायला न लावणारा दवाखाना

सोलापुरात पत्ता विचारणं अवघड नाही. सात रस्ता, पार्क चौक, विजापूर वेस, अशोक चौक अशी चार नावं घेतली की पुढचं रिक्षावाला स्वतःच जोडून घेतो. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, तेलुगूत विचारा, नाहीतर आमच्या दखनीत विचारा, कुणीतरी उत्तर देतंच. पण एक पत्ता असा आहे की तो विचारताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि पुष्कळदा न विचारताच परत फिरतो. तो पत्ता मानसोपचार विभागाचा.

मानसिक आजारावर लिहिताना आपण डॉक्टरांवर लिहितो, औषधांवर लिहितो, अंधश्रद्धेवर आणि लोकांच्या नजरेवर लिहितो. दवाखान्याच्या फाटकापासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जी दोन-तीनशे पावलं चालावी लागतात, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याचं मन आजारी आहे त्याचा उपचार त्या पावलांपासूनच सुरू होतो. ती वाट शांत असली आणि तोंड न उघडता सापडणारी असली, तर माणूस खुर्चीवर बसेपर्यंत अर्धा सावरलेला असतो. ती तशी नसली, तर आत कितीही चांगला डॉक्टर बसलेला असो, त्याच्यापर्यंत हा माणूस पोहोचतच नाही.

ही भीती आपल्या भाषेतच बसलेली आहे. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला जागा बघा' ही वाक्यं महाराष्ट्रात चेष्टेत वापरतात. सोलापूरकराला येरवडा शाळेत असतानाच कळतो, पण दुसऱ्या कारणानं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्याच येरवड्यात राज्यातलं सर्वांत मोठं मनोरुग्णालय आहे, २,५४० खाटांचं. एकाच नावात तुरुंगही आणि इस्पितळही. मग साध्या माणसाच्या मनात दोन्ही एकच होऊन बसले तर नवल काय? ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ती इंग्रजांच्या काळात सुरू झाली. त्या काळच्या अशा इमारती उंच भिंती आणि बंद फाटकांच्या असत. आतल्या माणसानं बाहेर जाऊ नये हा त्यांचा पहिला विचार होता. बाहेरच्याला आत यायची वाट सापडावी हा नव्हता. जिल्ह्याच्या दवाखान्यातला मानसोपचार विभाग ही त्या मानानं नवी आणि चांगली गोष्ट. तिथं कोंडायचा हेतू नाही. तरी वाट दाखवायची जुनी सवय अजून सुटलेली नाही.

आजारी मन दवाखान्यात शिरतं तेव्हा काय होतं ते बघा. खूप घाबरलेल्या माणसाचं लक्ष आकसतं. समोर मोठ्या अक्षरातली पाटी असली तरी ती दिसत नाही. उदासीनतेच्या आजारातल्या माणसाला 'सरळ जा, डावीकडं वळा, जिना चढा, मग तिसरं दार' यातलं पहिलंच लक्षात राहतं. आपल्यामागं कुणी लागलंय असा भ्रम ज्याला आहे, त्याला दारातच पाटी भेटते: 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात.' आपल्याला ती नेहमीची सूचना वाटते. त्याला मात्र आपल्या भीतीचा लेखी पुरावा हातात आल्यासारखं होतं. विस्मरणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसाला पांढऱ्या फरशीतली काळी पट्टी खड्ड्यासारखी दिसते आणि तो पाय पुढं टाकत नाही. बोळ पुढं बंद निघाला की चिडतो. लोक म्हणतात, आजार वाढला. आजार तेवढाच असतो, बोळ चुकीचा असतो.

माझ्या नात्यातल्या एका बाईंची हकिगत सांगतो. दुसऱ्या जिल्ह्यातला एक मोठा दवाखाना, नाव सांगत नाही. बाळंतपणानंतर त्यांची झोप उडाली होती, रडू थांबत नव्हतं, बाळाला जवळ घ्यायची भीती वाटत होती. मोठ्या मिनतवारीनं त्या नणंदेला घेऊन निघाल्या. केसपेपरच्या खिडकीवर रांग. पलीकडच्या माणसानं विचारलं, कुठल्या विभागाचा? त्यांनी हळू सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. मग त्यानं मागच्या माणसाला ओरडून विचारलं, 'ते वेड्यांचं आता कुठल्या मजल्यावर हलवलंय रे?' सगळी रांग वळून बघायला लागली. बाई बुरख्यात होत्या, चेहरा कुणाला दिसला नाही. तरी त्या तिथून वळल्या त्या थेट स्टँडवर आल्या. पुढचे सात महिने दर जुम्मेरातीला दर्ग्यावर गेल्या. दवाखान्यात पुन्हा गेल्या तेव्हा प्रकृती फार खालावली होती. औषधानं बऱ्या झाल्या, आज उत्तम आहेत. ते सात महिने आजारानं घेतले नव्हते. एका पाटीच्या अभावानं घेतले होते.

त्या दर्ग्यावरच का गेल्या, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. अंधश्रद्धा म्हणून तो निकालात काढणं सोपं आहे, पण त्यानं काही हाती लागत नाही. दर्ग्याची वाट आठवून बघा. कमान लांबून दिसते. गुलाब-अगरबत्तीची, चादरीची दुकानं आपोआप वाट दाखवतात. चपला कुठं काढायच्या ते आधी काढलेल्या चपला सांगतात. लोबानचा वास सांगतो की आपण जवळ आलो. बसायला ओटा असतो, सावली असते, पाणी असतं. कुणी केसपेपर मागत नाही, कुणी नाव पुकारत नाही आणि मुख्य म्हणजे काय होतंय ते मोठ्यानं सांगावं लागत नाही. रडलं तरी कुणी वळून बघत नाही, कारण तिथं रडणं रीतीतलंच आहे. आणि बाजूला हिंदू बायकाही बसलेल्या असतात. दर्गा आजार बरा करत नाही, पण आलेल्या माणसाला हरवू देत नाही. दवाखान्यानं दर्ग्याकडून घेण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर ती ही.

आमच्या लोकांना जुन्या वैभवाचा अभिमान सांगायला आवडतो, म्हणून इथं तोही सांगतो. 'बिमार' हा शब्द आपण रोज वापरतो. त्यावरूनच 'बिमारिस्तान' म्हणजे दवाखाना. सीरियातल्या हलब शहरात, म्हणजे अलेप्पोत, १३५४ साली बांधलेल्या अर्गुन बिमारिस्तानात मनाच्या रुग्णांसाठी कारंज्यांची अंगणं होती. तुर्कस्तानातल्या एदिर्ने इथं सुलतान दुसऱ्या बायझीदनं १४८८ साली दवाखाना उभारला. सतराव्या शतकातला प्रवासी एव्हलिया चेलेबी यानं तिथं मनोरुग्णांना संगीत ऐकवत, फुलांचा सुगंध देत, असं लिहून ठेवलं आहे. मला त्या इमारतीची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. मध्ये षट्कोनी घुमटाचा दालन, त्यात कारंजं, आणि भोवतीनं खोल्या. खोलीतून बाहेर पडलं की माणूस मधल्या पाण्यापाशीच येतो. तिथं हरवायला जागाच नाही. पाण्याचा आवाज हीच पाटी.

पण बिमारिस्तान सांगणाऱ्यानं एरवाडीही सांगितली पाहिजे. तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि २८ रुग्ण जळून मेले. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळदंडानं बांधलेलं होतं. श्रद्धेनं तिथवर पोहोचायची वाट सोपी केली होती. बाहेर पडायची वाट मात्र माणसांनी कुलूप लावून बंद केली होती. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ९५ रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई करतं. दुआ करणाऱ्यांनी दव्याची वाट अडवली तर काय होतं, याची आठवण म्हणून ६ ऑगस्ट आपण विसरू नये.

या दोन टोकांच्या मध्ये एक चांगली वाट गुजरातमध्ये निघाली. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा-दुआ' हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसायला लागले. मुजावर दुआ करतो आणि म्हणतो, आता तिकडं जाऊन ये. पाटीचं काम मुजावरच करतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्यानं बोट दाखवलं, की वाट परकी वाटत नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, की भाऊ, आपल्या देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि तुम्ही पाट्या कसल्या रंगवत बसलात? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याला उत्तर दिलं पाहिजे. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या ६०४ खाटांच्या रुग्णालयाचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ लोकांना वाट सांगण्यात तिथल्या कर्मचाऱ्यांचे वर्षाला साडेचार हजारांहून अधिक तास जात होते, आणि एकूण खर्च वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर होता. ते वाट सांगणारे कोण होते? ज्यांचं काम वेगळं होतं असे लोक. आपल्याकडेही सिस्टर, मामा, मावशी, वॉचमन यांचा दिवस 'तिकडं, तिकडं' म्हणण्यातच जातो. माणसं कमी आहेत म्हणूनच वाट बोलकी हवी. आणि हा हिशेब फक्त चुकून उशिरा पोहोचलेल्यांचा. जे फाटकातून परत गेले ते कुठल्याच वहीत येत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातले बहुसंख्य उपचाराविना होते. या सगळ्यांना पाट्यांनी अडवलं असं मी म्हणत नाही. पण ज्या अडचणी रंगाच्या डब्यानं सुटू शकतात, त्या तरी सोडवायला काय हरकत आहे?

शिवाय कायदाच तसं सांगतो. २०१७ च्या कायद्यातलं कलम १८ मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देतं, आणि ती सेवा रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना मान्य होईल अशा पद्धतीनं मिळाली पाहिजे असं म्हणतं. रांगेत ओरडून विभागाचं नाव पुकारणं कुठल्या कुटुंबाला मान्य होईल?

आता सोलापूरपुरतं बोलू. आपलं सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे फक्त शहराचं नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, शिवाय सीमेपलीकडच्या कर्नाटकातले लोकही इथं येतात. अशा गावातला दवाखाना, सरकारी असो की खासगी, आजारी मनासाठी वाट आखताना काय करू शकेल, ते मला सुचतं तसं मांडतो.

पहिली गोष्ट नावाची. काहीजण म्हणतात, 'मानसोपचार' हे नावच पाटीवरून काढा, म्हणजे लाज वाटणार नाही. मला ते पटत नाही. नाव लपवलं की लपवण्यासारखं काहीतरी आहे असंच सिद्ध होतं. नाव स्पष्ट लिहा, हृदयरोग, नेत्ररोग लिहिता तसंच, त्याच रंगात, त्याच आकारात. पण सोबत खोलीचा नंबर द्या, आणि फाटकापासून प्रत्येक वळणावर तो नंबर दिसू द्या. म्हणजे ज्याला विचारायचंच आहे त्याला '२४ नंबर कुठं?' एवढंच विचारता येईल. नाव पाटीवर राहील, ओठांवर नंबर.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा. पूर्व भागात तेलुगू घर, शेजारी दखनी बोलणारं घर. पण चारही लिपी प्रत्येक पाटीवर कोंबल्या तर वाचणाऱ्यालाही काही दिसत नाही. चार भाषांची एकच मोठी पाटी फाटकाशी लावावी, आणि आत फक्त नंबर आणि चित्र. विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांना यातली एकही लिपी वाचता येत नाही. आकडे मात्र मोबाइलमुळं सगळ्यांच्या ओळखीचे झालेत, म्हणून ते मोबाइलवर दिसतात तसेच लिहावेत. कर्नाटकातून आलेला माणूस देवनागरी आकड्यापाशी अडतो. चित्र पानाचं असावं, घागरीचं असावं, पतंगाचं असावं. डोळ्याचं नको, उगारलेल्या पंजाचं नको.

तिसरी रंगाची. परदेशातले जाणकार सांगतात, एकेका विभागाला एकेक रंग द्या. आपल्याकडं हिरवा, भगवा, निळा हे नुसते रंग राहिलेले नाहीत, ती माणसांची घरं झाली आहेत. हिरवी पट्टी वेड्यांच्या विभागाकडं जाते, असं एकदा लोकांच्या तोंडी बसलं की झालंच. त्यापेक्षा मातकट, राखाडी, फिका पिवळा असा कुणाचाच नसलेला रंग घ्यावा, आणि ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी चित्र आहेच.

चौथी शब्दांची. आपल्या दवाखान्यांतल्या पाट्या वाचून बघा. थुंकू नये, बसू नये, गर्दी करू नये, सक्त मनाई, दंड आकारण्यात येईल. मराठीत 'नये' या क्रियापदाची एवढी नोकरी दुसरीकडं कुठं नसेल. घाबरलेल्या माणसाला काय करू नये हे आधीच पाठ असतं. काय करावं ते त्याला हवं असतं. 'इथं बसा. तुमचा नंबर आला की सांगू. पाणी उजव्या हाताला आहे.' तीन वाक्यं, आणि खांदे खाली येतात.

पाचवी गोष्ट आपल्या धंद्याची. जपानमधल्या उमेदा नावाच्या प्रसूती व बालरुग्णालयात केन्या हारा या डिझायनरनं सगळ्या पाट्या पांढऱ्या सुती कापडावर केल्या. मळल्या की काढायच्या, धुवायच्या, पुन्हा चढवायच्या. कापड नेहमी स्वच्छ दिसतं आणि इथं काळजी घेतात हे न सांगता कळतं. चादर आणि टॉवेलच्या आपल्या गावाला भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागावर विणलेलं पान, विणलेला २४, हे सोलापूरशिवाय कुणाला जास्त शोभेल? पत्र्याच्या पाटीनं दवाखाना आठवतो, चादरीनं घर. मात्र हे बाहेरच्या ओपीडीपुरतं, घट्ट ताणून बसवलेलं. जिथं रुग्ण दाखल असतात त्या वॉर्डात दोरी, खुंटी, काच, लोंबतं कापड काहीच नको. जिवावर उठलेल्या माणसाच्या हाताशी ते येता कामा नये. तिथं भिंतीवरच रंगवावं. संडासाच्या दारावर मोठं चित्र असावं आणि रात्री तिथवर मंद दिवा. आज कोणता वार, कोणती तारीख हे सांगणारा फळा असावा, मोठं घड्याळ असावं. आणि बसलेल्या जागेवरून बाहेरचं झाड दिसावं. खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली, हे रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं आहे.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती एक सकाळ. दवाखान्याच्या अधिकाऱ्यांनी वाचता न येणाऱ्या एका बाईला फाटकाशी उभं करावं आणि २४ नंबरला जायला सांगावं. तिला मदत करू नये, फक्त मागून चालावं. ती जिथं जिथं थांबेल तिथं खडूनं फुली मारावी. पाट्यांच्या जागा त्याच. आजारातून उठलेले लोक आणि त्यांचे नातेवाईक या कामाला बोलावले तर आणखी चांगलं, कारण कुठं छातीत धडधडलं ते त्यांना अजून आठवत असतं.

आणि आपल्या मोहल्ल्याचं काम वेगळं. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा असतात, मय्यतीच्या खबरी असतात, मदरशाच्या प्रवेशाची सूचना असते. त्याच फळ्यावर जवळच्या मानसोपचार ओपीडीचे वार, वेळ आणि खोलीचा नंबर लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. खाली 'टेली मानस'चा १४४१६ हा आकडा लिहावा. सरकारची ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि फोनवर चेहरा दिसत नाही. दर्ग्याच्या मुजावरांनी ताईत देताना तोच नंबर चिठ्ठीवर द्यावा. जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी एकदा, फक्त एकदा, तो नंबर मोठ्यानं वाचून दाखवावा. म्हणजे जिला तो हवा आहे, तिला तो कुणाला विचारावा लागणार नाही.